रोट, भट्टी आणि किम ताक-गू

मागचे तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण सांगायला जरा लाज वाटतेय. मी कोरियन सिरियल बघत होतो. तीस भाग. प्रत्येक भाग तासाभराचा. प्रॉडक्शन रिलीजच्या रात्री बिल्ड हिरवं होण्याची वाट बघत बायकोच्या शेजारी पहिला भाग 'नुसता डोकावून' बघितला आणि पहाटे तीनला चौथा भाग संपला तेव्हा लक्षात आलं की बिल्ड बारा वाजताच हिरवं झालं होतं.

नाव आहे 'किंग ऑफ बेकिंग, किम ताक-गू'. इंग्रजीत 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स' असंही म्हणतात. २०१० साली जून ते सप्टेंबर केबीएस-२ वाहिनीवर लागायची, आणि शेवटच्या भागाला तिथली जवळजवळ निम्मी टीव्ही बघणारी जनता समोर बसली होती म्हणे. म्हणजे आपल्या रविवार सकाळच्या 'रामायणा'सारखाच काहीतरी प्रकार. मी पंधरा वर्षं उशिरा पोचलो. आमच्या खान्देशात सगळं जरा उशिराच पोचतं, त्यामुळे सवय आहे. :-)

गोष्ट थोडक्यात अशी. एका मोठ्या बेकरी कंपनीचा मालक. घरात बायको, म्हातारी आई आणि दोन मुली. आईला नातू हवा. त्या हट्टापायी घरात जे काही रामायण-महाभारत घडतं त्यातून दोन मुलगे जन्माला येतात. एक घराबाहेर, मालकाचा, पण लग्नाच्या बायकोचा नाही. तो ताक-गू. दुसरा घरात, लग्नाच्या बायकोचा, पण मालकाचा नाही. तो मा-जुन. ताक-गूला नाक भारी मिळालेलं, नुसत्या वासावरून पाव ओळखणारं. दोघं मोठे होतात आणि पाल-बोंग नावाच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या बेकरीत शिकायला एकत्र येतात. मा-जुन तर खोटं नाव घेऊन. पुढे नुसती रडारड, कपट, आणि मधे मधे इतका सुंदर पाव की रात्री दीडला उठून मी फ्रिजमधला स्लाइस ब्रेड खाल्ला आहे.

आता हे सगळं मी इतकं मन लावून का बघितलं, तर माझ्या आजोबांची धुळ्यात बेकरी होती. होती काय, आहे. तो 'आहे' म्हणजेच सगळा घोळ.

आबा पोरवयात जळगावला एका बेकरीत कामाला लागले. तिथे एक उस्ताद होते, उत्तर प्रदेशातून आलेले. आबा त्यांचं नाव घेताना कानाला हात लावायचे, गवयी लोक लावतात तसा. त्यांच्याकडून काम शिकून आबांनी धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत स्वतःची भट्टी बांधली. (धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर असतात. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते, पण आम्हाला 'गल्ली नंबर अमुक' हाच पत्ता. इंग्रज कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकात सरळ रेषेत आखलेलं गाव, अ‍ॅरेसारखं इंडेक्स केलेलं.)

लाकडाच्या भट्टीचं गणित फार सुंदर असतं. आत लाकडं जाळायची, विटा तापल्या की निखारे-राख ओढून काढायची, ओल्या फडक्याने तळ पुसायचा. मग चिमूटभर पीठ आत फेकायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव लावायचा. थर्मामीटर वगैरे काही नाही. सगळ्यात तापलेल्या भट्टीत पाव, ती जरा उतरली की बटर आणि खारी, अजून उतरली की नानकटाई, आणि रात्रभर उरलेल्या मंद धगीत टोस्ट वाळायला. एकच उष्णता, चार वेळा वापरलेली. आम्ही ऑफिसात रिसोर्स ऑप्टिमायझेशनवर पॉवरपॉइंट करतो ते आठवून हसू येतं. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका घरून तूप, पिठीसाखर, मैदा-रवा घेऊन यायच्या आणि आपापली नानकटाई भाजून न्यायच्या. कुणाचा डबा कुणाचा, हे ताई वहीत लिहायची.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. मोठ्या काकांची, म्हणजे नानांची मोठी मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

सिरियलमधल्या उस्तादाच्या परीक्षेच्या तीन फेऱ्या आहेत. पहिली, जगात सगळ्यात पोट भरणारा पाव करा. दुसरी, सगळ्यात मजेदार पाव, तोही यीस्ट न वापरता. तिसरी, सगळ्यात आनंदी पाव. पहिल्या फेरीत ताक-गू बार्लीचा भात घालून पाव करतो. कोरियात तो गरिबांचा भात. तिथे युद्धानंतर पीएल-४८०चा अमेरिकन गहू आला आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने तांदूळ वाचवण्यासाठी लोकांना बार्ली आणि गव्हाचं खायला लावलं. शाळेत मास्तर डबे उघडून बघायचे म्हणे, भातात बार्ली मिसळली आहे की नाही. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण तोच पीएल-४८० आपल्याकडेही. आणि १९७२चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर सुकडी. बाबा सांगायचे, त्या वर्षी मैदा मिळेना तेव्हा आबा पिठात ज्वारी मिसळून पाव लावायचे. फुगायचाच नाही. लोक त्याला दगडी पाव म्हणायचे आणि तरी खडी फोडून आलेले मजूर तोच मागायचे. आबा गल्ल्यावरून विचारायचे, "पोट भरनं का रे भाऊ?" चांगला झाला का, आवडला का, असलं कधी विचारायचे नाहीत.

(दुसऱ्या फेरीबद्दल एक आगाऊ टीप: यीस्टशिवाय पाव ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. गोव्याचे पोदेर माडाची सूर घालून पाव फुगवत आले. आमच्या आबांकडे कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात जायचा. त्याला खमीर म्हणायचे. ताक-गूला आमच्या गल्लीत पाठवलं असतं तर दोन एपिसोड वाचले असते.)

असो. मूळ मुद्द्यावर येतो, टाळतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आबा १९९३ला गेले. मृत्युपत्र वगैरे काही नाही. मुलगे दोन, नाना आणि माझे बाबा. वर्षभरात फाटाफूट झाली. नाना धुळ्यात भट्टीवर राहिले, बाबांनी जळगावला नवी पेठेच्या बाजूला इलेक्ट्रिक ओव्हन घालून दुकान टाकलं, आणि पाटीवर तेच नाव लावलं. आबांचं. नाना तिथे येऊन पाटीकडे बघून, एक शब्द न बोलता पुढच्या एसटीने परत गेले. धुळे-जळगाव नव्वदेक किलोमीटर, मधे पारोळा, एरंडोल. बावीस वर्षं ते अंतर कुणी ओलांडलं नाही.

आणि त्याच वर्षी रोट वेगळे झाले.

खान्देशाबाहेरच्यांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ-मुखवटा, चौरंग, केळीचे खांब, रात्रभर गाणी-फुगड्या, आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर विसर्जन. तिच्या नैवेद्याचे रोट करतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य मोजून घ्यायचं. सगळ्या भाऊबंदकीचं मिळून एकत्र दळण, आणि ते रोट भाऊबंदकीनेच संपवायचे. आमच्या घरात बाहेरच्याला तुकडासुद्धा देत नसत. त्यामुळे वाटणीचे कागद कोर्टात झाले की नाही याला आमच्याकडे महत्त्व नाही, रोट वेगळे झाले की वाटणी झाली. १९९४च्या श्रावणात आई जळगावच्या भाड्याच्या खोलीत दोनच पुरुषांचं, म्हणजे बाबांचं आणि माझं धान्य मोजत होती आणि रडत होती. मला वाटलं कांदा चिरलाय. तेवढी अक्कल होती तेव्हा.

तर सिरियल बघताना पहिले दहा भाग मी अर्थातच ताक-गू होतो. आपण सगळेच हिरो असतो. गरीब, भोळा, नाक तेज. अकराव्या-बाराव्या भागात कुठेतरी शंका यायला लागली. मा-जुनची अडचण अशी की त्याला सगळं न मागता मिळालंय, आणि जे मिळालंय ते आपलं नाही हे त्याला आतून माहीत आहे. मला आबा मैद्याच्या पोत्यावर बसवून गिऱ्हाइकांना सांगायचे, "हा आपला वारस." हातात बटर द्यायचे. तेव्हा ताई खाली उकिडवी बसून लादीचे पाव मोजत असायची. तिचा एकदा ट्रे करपला तर थोबाडीत बसली होती. माझ्याकडून कधी ट्रे करपला नाही, कारण मी कधी ट्रे उचललाच नाही. बारावीनंतर जळगावात इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याची गाडी पकडली. बाबांचं दुकान २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते परत उघडलं नाही. पुढच्या वर्षी बाबा गेले. नाना त्याच्या आधीच गेले होते, २०१८ला. त्यांच्या दोन मुली. धाकटी नाशिकला. ताई धुळ्यातच, नवरा शाळेत शिक्षक, आणि भट्टी ती चालवते. रात्री अकराला पेटवते, पहाटे चारला पाव काढते. एक नंबर खारी. भाऊ म्हणून नाही सांगत, पुण्यातल्या नामांकित खाऱ्या खाऊन सांगतोय.

आणि जागेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून दोन नावं. नाना आणि बाबा. निम्मं निम्मं.

मार्चमध्ये ताईचा फोन आला होता. बँकेचं कर्ज काढून डिझेल ओव्हन घ्यायचा होता, लाकूड परवडत नाही आणि धुराची तक्रार येते म्हणाली. बँक म्हणते जागा तुमच्या नावावर पूर्ण नाही. तिला माझी आणि आईची हक्कसोड हवी होती. फुकट नको म्हणाली, तीन वर्षांत हप्त्याने देते, तू आकडा सांग. मी म्हटलं, "ताई, बघतो." वकिलाने पाठवलेला मसुदा माझ्या इनबॉक्समध्ये चार महिने पडून होता. अनरीड नाही. वाचलेला, पुन्हा अनरीड करून ठेवलेला.

का पडून होता ते खरं सांगतो. एकतर आई. तिच्या मते १९९४ला बाबांना जळगावच्या दुकानासाठी वाटणीचे म्हणून काही मिळालंच नाही, जे होतं ते बाबांच्या पोस्टातल्या पैशांतून झालं. काकूंच्या मते नानांनी भिशी मोडून रोख दिले होते. कागद नाही, साक्षीदार वर गेलेले. ह्या बगचं रूट कॉज आता कुणालाच सापडणार नाही. आणि दुसरं कारण मी. त्या गल्लीत आता काय भाव आहे ते मी एका ब्रोकरला विचारलं होतं. ताईला न सांगता. आलेला आकडा एक्सेलमध्ये टाकून माझ्या फ्लॅटचं होमलोन किती वर्षांनी कमी होतं तेही बघितलं होतं. सात वर्षांनी. फाइलचं नाव 'मिस्क' ठेवलं होतं, म्हणजे बायकोने उघडली तरी कळू नये.

कायद्याने माझी बाजू चोख आहे, ही गंमत. मुलगी बापाची वारस हे १९५६पासूनच आहे, वडिलोपार्जितात जन्मापासूनचा हक्क २००५च्या दुरुस्तीने आला, आणि ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट सांगितलं की त्यासाठी २००५ला बाप जिवंत असायची गरज नाही. नानांचं निम्मं ताईचं, तिच्या बहिणीचं आणि काकूंचं, कुणी हात लावू शकत नाही. पण बाबांचं निम्मं माझं आणि आईचं. तीस वर्षं ज्या भट्टीत मी एक लाकूड सारलेलं नाही तिचं निम्मं.

सिरियलच्या शेवटाबद्दल लिहितोय, बघायची असेल तर हा परिच्छेद सोडा. इतकी मारामारी करून ताक-गू कंपनी घेत नाही. तो परत त्या छोट्या बेकरीत पीठ मळायला जातो. मा-जुनलाही मिळत नाही. कंपनी जाते थोरल्या मुलीकडे, जा-ग्यंगकडे. जिच्या जन्माला आजीने नाक मुरडलं होतं आणि जी पहिल्या भागापासून तिथेच उभी होती, फक्त कॅमेरा तिच्याकडे वळत नव्हता. मला हा शेवट थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला. लेखिकेने तिला आधी अजून चार सीन द्यायला हवे होते. बायको म्हणाली, "तेच तर." आणि लाइट बंद करून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी 'मिस्क' फाइल तिला दाखवली. फारसं काही बोलली नाही ती. "ताईंना माहीत आहे?" एवढंच विचारलं.

२०२५ची कानबाई ३ ऑगस्टला होती. काकूंचा फोन आला, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा थेट मला. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरात आता मूठ कुणाच्या नावाची टाकू?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नाना गेले. ताईचा नवरा दुसऱ्या भाऊबंदकीतला, त्याचे रोट त्याच्या घरी. त्या घरात मोजायला पुरुषच उरला नव्हता. भट्टी रोज तीनेक पोती मैदा खाते आणि कानबाईपुढे त्या घराचं धान्य शून्य.

आईला सांगितलं. वाटलं होतं नाही म्हणेल. तिने माळ्यावरून खापर काढायला लावलं. हे आमच्याकडचं उलट्या घागरीसारखं मातीचं भांडं, ज्यावर हातावर पसरवलेली धोतराएवढी पातळ पुरणपोळी टाकतात. गाडीत पुढच्या सीटवर मांडीत खापर घेऊन ती पुण्याहून धुळ्यापर्यंत बसली. चाळीसगावच्या पुढे एकदाच बोलली. "तिची चूक नव्हती, पण माझीपण नव्हती." कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

घरात शिरलो तर काकू दारात. "कव्हय उना रे भाऊ," म्हणत तोंडावरून हात फिरवला. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग आईने विचारलं, "चूल कुठे मांडायची?"

धान्य मोजायला मला बसवलं. मी मूठ भरली. काकू हसल्या. "ही काय मूठ शे? चिमटा शे हा." खरंच, दिवसभर माऊस धरणारा हात, त्यात मावणार किती. त्यांनी ताईला हाक मारली. ताई भट्टीतून तशीच आली, कोपरापर्यंत पीठ. "ह्याच्या नावाची तू टाक," काकू म्हणाल्या. ताईने हात धुतला आणि एक मूठ टाकली. माझ्या दोन बसतील एवढी. वर पाव. मग आईने, कुणालाच न विचारता, म्हटलं, "आता तुझ्या नावाची." ताईने काकूंकडे बघितलं. काकू डाळ निवडत होत्या, मान वर केली नाही, पण नको असंही म्हणाल्या नाहीत. ताईने टाकली.

चुलत घराण्यातले एक आजोबा कुरकुरले, असं नसतं म्हणाले. नसतंच. पण गिरणी धुऊन ठेवलेली होती, दळण निघालं, आणि पिठातून कुणाची मूठ वेगळी काढणार?

विसर्जन सोमवारी पांझरेवर झालं. मंगळवारी दुय्यम निबंधक कार्यालय. आकडा आईने सांगितला, तो इथे लिहीत नाही, ब्रोकरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. काकूंनी तो ऐकून भिशीचा विषय काढला नाही, हीसुद्धा एक किंमतच.

तिथे मशीनवर अंगठा द्यावा लागतो. माझा पहिल्या फटक्यात लागला, आईचा दुसऱ्यांदा. ताईचा लागेचना. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, रुमालाने पुसा. पुसला. नाही. दुसरा अंगठा. नाही. तीस वर्षं गरम ट्रे धरून रेषाच गेल्या होत्या. ती ओशाळून हसत होती, साडीला अंगठा घासत होती आणि मागे रांग वाढत होती. आईने पर्समधून कोल्ड क्रीमची डबी काढली, ताईचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि अंगठ्यावर चोळत बसली. पाचव्यांदा की सहाव्यांदा हिरवा दिवा लागला.